एका मुलीचे स्टेशन आणि आपली बोधकथेची भूक

गेली काही वर्षे एक जपानी गोष्ट मराठी घरांतून फिरते आहे. वाचकांपैकी बहुतेकांना ती ठाऊक असेल. जपानच्या अगदी उत्तरेकडील होक्काइदो बेटावर, बर्फात बुडालेल्या एका आडगावी रेल्वेचे एक छोटे स्टेशन होते. उतारू उरले नाहीत म्हणून ते बंद करायचे ठरले. इतक्यात अधिकाऱ्यांच्या लक्षात आले की एक शाळकरी मुलगी रोज तेथून गाडी पकडते. मग रेल्वेने आपला निर्णय फिरवला. तिच्या शाळेच्या वेळा सांभाळून गाडी तेथे रोज दोनदा थांबत राहिली, आणि तिचे शिक्षण पुरे झाले तेव्हाच स्टेशनला टाळे लागले. गोष्टीच्या शेपटाला बहुधा एक प्रश्न बांधलेला असतो : आपल्याकडे असे कधी घडेल काय? ही गोष्ट मी भ्रमणध्वनीवरच्या निरोपांतून वाचली आहे, शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुण्यांच्या तोंडून ऐकली आहे, आणि एका व्याख्यानमालेत तिच्यावर टाळ्या पडलेल्याही पाहिल्या आहेत.

या गोष्टीविरुद्ध मला तक्रार मांडायची आहे. ती पुरती खरी नाही एवढेच म्हणायचे असते, तर या अंकाची पाने अडवण्याचे कारण नव्हते. न घडलेल्या गोष्टी जगात पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या कित्येक फार सुंदर आहेत. माझी तक्रार निराळी आहे. ही गोष्ट जेथे घडली असे सांगतात, तेथे त्याच दिवसांत नेमके उलटे घडत होते. ते झाकण्याचे काम ही गोष्ट इतक्या लाघवाने करते की ऐकणाराला आपले काही पाहायचे राहून गेले, अशी शंकासुद्धा येत नाही.

आधी स्थळाचा पत्ता नीट लावू. आसाहीकावा शहराच्या कडेने निघून ओखोत्स्क समुद्राकाठच्या आबाशिरीपर्यंत जाणाऱ्या २३४ किलोमीटरांच्या लोहमार्गाला ‘सेकीहोकु मुख्य मार्ग’ म्हणतात. ‘मुख्य’ हे नावापुरते. जवळजवळ सारा मार्ग एकेरी आहे आणि गाड्या डिझेलवर धावतात. या मार्गावर शिराताकी या नावाची चार स्थानके होती. कामी-शिराताकी म्हणजे वरचे, नुसते शिराताकी, क्यू-शिराताकी म्हणजे जुने, आणि शिमो-शिराताकी म्हणजे खालचे. आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द असावेत, तसेच हे. जानेवारी २०१६ मध्ये चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीच्या इंग्रजी वाहिनीने समाजमाध्यमावर ही कथा टाकली, आणि तेथून ती जगभर गेली. त्या कथेत नाव होते कामी-शिराताकीचे. मुलगी गाडी पकडत होती क्यू-शिराताकीला. आरंभच असा चुकला.

क्यू-शिराताकीला एंगारू गावाकडे जाणारी सकाळची एक गाडी थांबे, आणि तिकडून येणाऱ्या तीन. सकाळची ती गाडी एकट्या मुलीसाठी सोडलेली नव्हती. मार्गावरच्या गावांना एंगारूशी जोडणारी ती रोजचीच गाडी होती. क्यू-शिराताकीच्या आधीही ती थांबत होती आणि नंतरही. स्थानके बंद करण्याचा विचार रेल्वे कंपनीने २०१५ मध्येच पुढे मांडला होता, आणि अंमलबजावणीसाठी दिवस ठरला तो मार्च २०१६ च्या नव्या वेळापत्रकाचा. जपानमध्ये शाळेचे वर्ष मार्चमध्ये संपते, सरकारी हिशेबाचे वर्षही मार्चमध्ये संपते, आणि रेल्वेची नवी वेळापत्रकेही बहुधा मार्चमध्येच लागू होतात. तीन पंचांगे एका महिन्यात जुळली आणि त्यांतून करुणेची कथा निघाली. मुलीने शिक्षण पुरे करीपर्यंत स्थानक चालू राहिले, हे खरे आहे. त्याचा तिला उपयोग झाला, हेही खरे. पण ते तिच्यासाठी राखले गेले असे म्हणणे म्हणजे सूर्य मावळला तो आपली शेतावरची कामे आटोपली म्हणून, असे म्हणण्यासारखे आहे.

आता त्या दिवसाकडे पाहू. क्यू-शिराताकीला शेवटची गाडी थांबली ती २५ मार्च २०१६ रोजी. दुसऱ्या दिवशी, २६ मार्चला, होक्काइदोतील आठ स्थानके वेळापत्रकातून गेली. त्यांतली चार याच सेकीहोकु मार्गावरची होती : कामी-शिराताकी, क्यू-शिराताकी, शिमो-शिराताकी आणि कानेहाना. आणि त्याच २६ मार्चला होक्काइदोत आणखी एक घटना घडली, जिची छायाचित्रे जपानच्या सगळ्या वृत्तपत्रांत पहिल्या पानावर होती. शिंकान्सेन, म्हणजे ज्या वेगवान गाडीला आपण बुलेट ट्रेन म्हणतो, ती समुद्राखालच्या बोगद्यातून प्रथमच होक्काइदोत आली. शिन-आओमोरी ते शिन-हाकोदाते-होकुतो हा जवळजवळ १४९ किलोमीटरांचा नवा मार्ग त्या दिवशी सुरू झाला. एकाच बेटावर, एकाच कंपनीच्या एकाच वेळापत्रकात एका टोकाला फुलांचे तोरण आणि दुसऱ्या टोकाला टाळे, असा हा योग. गोष्ट सांगणाऱ्यांनी यांतले फक्त टाळे उचलले, आणि त्याला मायेचा मुलामा देऊन तेच तोरण म्हणून दाखवले.

ही कंपनी कोणती, तिला दयाळू ठरवण्याची इतकी घाई का, हेही पाहायला हवे. जपानची राष्ट्रीय रेल्वे १ एप्रिल १९८७ रोजी मोडली, आणि तिच्या जागी प्रवासी वाहतुकीच्या सहा प्रादेशिक कंपन्या व मालवाहतुकीची एक कंपनी निघाली. होक्काइदोच्या वाट्याला जी कंपनी आली तिच्याजवळ तोकियो-ओसाकासारखी गर्दीची शहरे नव्हती. होते ते विरळ वस्तीचे प्रचंड बेट, वर्षाकाठी कित्येक महिने बर्फ, आणि सुमारे ३,२०० किलोमीटरांचे रूळ. हा धंदा तोट्यात जाणार हे सरकारला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. म्हणून कंपनीला ६८,२२० कोटी येनांचा एक निधी बांधून दिला गेला. त्याच्या व्याजातून तोटा भरून काढायचा, अशी योजना. त्या वेळी व्याजाचा दर सुमारे ७.३ टक्के धरला होता. पुढे जपानमधले व्याजदर शून्याजवळ येऊन बसले, हे वाचकांना ठाऊकच आहे. मुद्दल शाबूत राहिले, आणि ज्या विहिरीवर सगळी बागायत अवलंबून होती ती विहीरच आटली.

तोटा भरायला पैसा नाही म्हटल्यावर कात्री कोठे लागते, हे कोणत्याही संसारी माणसाला सांगावे लागत नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये याच कंपनीच्या रुळांवर ओनुमा येथे मालगाडी घसरली. चौकशीत निघाले की रुळांच्या तपासणीचे आकडेच खोटे लिहिले जात होते. दोन वर्षे आधी, मे २०११ मध्ये, सेकिशो मार्गावरच्या बोगद्यात एक गाडी पेटली होती. त्यानंतर सुरक्षेवर खर्च करणे भागच झाले, आणि तो पैसा काढण्यासाठी कमी उताऱ्यांची स्थानके आणि मार्ग मोडीत काढायचे ठरले. क्यू-शिराताकीचा निर्णय या साखळीतला आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये कंपनीने जाहीरच केले की १,२३७ किलोमीटरांचे मार्ग, म्हणजे तिच्या जवळजवळ निम्म्या जाळ्याचे मार्ग, ती एकट्याच्या बळावर राखू शकत नाही. त्यांत सेकीहोकु मार्गही होता. मुलीची गोष्ट जगभर जाऊन दहा महिने झाले होते. त्या घोषणेचा निरोप मात्र मला कोणी पाठवला नाही.

येथे एक बारीक गोष्ट आहे, आणि माझ्या मते तीच मोठी आहे. ही कंपनी खासगी म्हणवते, पण तिचे सगळे भाग एका सरकारी संस्थेच्या हाती आहेत. म्हणजे स्थानक चालू ठेवायचे की बंद करायचे, हा अखेर जपानच्या राज्यव्यवस्थेचा निर्णय होता. आडगावच्या एका मुलीला शाळेत नेऊन आणण्याची सोय कोणी करायची, किती वर्षे करायची, आणि ती मोडली तर त्याऐवजी काय द्यायचे, हे नागरिक आणि शासन यांच्यामधले प्रश्न आहेत. बोधकथा या प्रश्नांचे रूपच पालटून टाकते. त्यात मुलगी नागरिक उरत नाही, आश्रित होते. शासन देणेकरी राहत नाही, दाता होते. शाळेला जाण्याची वाट हा तिचा हक्क नव्हे, कोणा कनवाळू साहेबाची कृपा ठरते. आणि कृपा काढून घेतली तर तक्रार कोणाकडे करणार? उलट, इतकी वर्षे दिली म्हणून हात जोडायचे. आपण ज्या गोष्टीने गहिवरतो तीत एक स्थानक बंद झाले आहे, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. शेवट गोड करण्याची ही विद्या विलक्षण म्हटली पाहिजे.

गोष्टीने जे गाळले त्यात त्या जागेचा इतिहासही आहे. शिराताकीची वसाहत फार जुनी नाही. १९१२ साली दक्षिणेकडच्या वाकायामा प्रांतातून पन्नासाहून अधिक कुटुंबे तेथे जंगल तोडून वस्ती करण्यासाठी आली. त्यांचा पुढारी होता मोरिहेई उएशिबा, ज्याने पुढे आयकिदो ही विद्या घडवली. वीस वर्षांनी, १९३२ मध्ये, डोंगर पोखरून आसाहीकावाकडचा थेट मार्ग निघाला. त्याच मार्गाच्या पूर्वेकडच्या भागात, १९१२ ते १९१४ या काळात, जोमोन नावाचा बोगदा खणला गेला होता. ज्या मजुरांनी तो खणला त्यांना फसवून, अडकवून, कोंडून ठेवले जाई. जपानी भाषेत अशा कोठड्यांना ‘ताकोबेया’, म्हणजे ऑक्टोपसची खोली, म्हणत. शंभराहून अधिक माणसे त्या कामात मेली असे सांगतात. १९६८ च्या भूकंपात बोगद्याची भिंत खचली, आणि १९७० मध्ये दुरुस्ती करताना त्या भिंतीतून मानवी सांगाडा निघाला. १९८० मध्ये त्या मृतांसाठी एक स्मारक उभे राहिले, ते कानेहाना स्थानकाजवळ. हेच ते कानेहाना, जे क्यू-शिराताकीबरोबर त्याच दिवशी प्रवाशांना बंद झाले आणि आता केवळ गाड्यांना एकमेकींना वाट देण्यापुरते उरले आहे.

एकाच मार्गावर, एकाच दिवशी बंद झालेली ही दोन स्थानके. एकाची गोष्ट आपल्या आजीपासून नातवापर्यंत पाठ आहे. दुसऱ्याचे नाव या लेखापूर्वी किती वाचकांनी ऐकले असेल? भिंतीत उभा सापडलेला मजूर बोधकथेत बसत नाही. तो गहिवर आणत नाही, जाब विचारतो. म्हणून त्याला गाडीत जागा नाही.

त्या मुलीचे नाव जगभर छापले गेले. ते मी येथे देत नाही. एका शाळकरी मुलीच्या रोजच्या येण्याजाण्याच्या वेळा आणि तिच्या फलाटाचे छायाचित्र सगळ्या जगाच्या हाती देणे यात काही गैर आहे, असे गोष्ट पुढे ढकलणाऱ्यांपैकी कोणालाच वाटू नये, याचे मला नवल वाटते. आपल्या मुलीच्या बाबतीत आपण हे चालू देऊ काय? जपानमध्ये मरणपंथाला लागलेल्या मार्गांवर शेवटच्या दिवसांत कॅमेरे घेऊन गर्दी करणारे हौशी लोक असतात. त्यांना अंत्यविधीचे रेल्वेप्रेमी अशा अर्थाचा एक बोचरा शब्द जपानी लोकांनीच योजला आहे. वर्षभर फलाटावर पाऊल न टाकणारे शेवटच्या दिवशी उभे राहायला जागा ठेवत नाहीत. आपण घरबसल्या त्याच गर्दीत सामील झालो, इतकेच.

यावर कोणी म्हणेल, आणि साहित्यप्रेमी मंडळींतूनच ते म्हटले जाईल, की गोष्ट शेवटी गोष्टच. तिने माणसाचे मन मऊ केले म्हणजे झाले, तिला रेल्वेचे वेळापत्रक कशाला लावता? हा आक्षेप मला हलका वाटत नाही. पण त्याचे उत्तर होक्काइदोतच आहे, आणि तेही साहित्यात. जिरो आसादा यांची ‘पोप्पोया’ ही कथा अशाच एका बंद होऊ घातलेल्या शाखामार्गाच्या शेवटच्या स्थानकावर घडते. तिच्या संग्रहाला नाओकी पुरस्कार मिळाला तो १९९७ मध्ये, आणि १९९९ मध्ये यासुओ फुरुहाता यांनी तिच्यावर चित्रपट काढला. स्टेशनमास्तरची भूमिका केन ताकाकुरा यांची. या म्हाताऱ्या स्टेशनमास्तराने आयुष्यभर फलाट सोडलेला नाही. तान्ही मुलगी गेली तेव्हाही तो कामावर होता, बायको गेली तेव्हाही. त्या मुलीचे भूत कथेत येते. म्हणजे वास्तवाच्या कसोटीवर ही कथा आपल्या बोधकथेहून कितीतरी अधिक खोटी. तरीही ती सत्याच्या जवळ आहे, कारण ती काही लपवत नाही. मार्ग बंद होणार आहे, तो बंद होण्याला कारणे आहेत, आणि निष्ठेची किंमत घरातल्या माणसांनी मोजली आहे, हे सगळे तीत उघडे आहे. ती बातमीचे सोंग आणत नाही. आपली बोधकथा बातमीचा अंगरखा घालून येते आणि काम करते ते जाहिरातीचे.

त्या चित्रपटातले स्थानक म्हणून वापरले गेले नेमुरो मार्गावरचे इकुतोरा. चित्रपट पाहून साऱ्या देशाने डोळे पुसले. ऑगस्ट २०१६ च्या वादळात मार्ग खचला, आणि त्यानंतर इकुतोराला एकही गाडी आली नाही. १ एप्रिल २०२४ रोजी फुरानो ते शिन्तोकु हा भाग अधिकृतपणे बंद झाला. चित्रपटातल्या नावाची पाटी लावलेली इमारत मात्र जपून ठेवली आहे. पाहायला लोक येतात, ते मोटारीने. डोळ्यांतल्या पाण्यावर आगगाडी चालत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

मग ती कशावर चालते? यासाठी दुसऱ्या एका प्रसिद्ध छोट्या स्थानकाची हकिकत सांगतो. योगायोगाने ते त्याच वाकायामा प्रांतात आहे, जेथून शिराताकीचे वसाहतकार निघाले होते. वाकायामा शहरापासून १४.३ किलोमीटरांवर, शाखामार्गाच्या टोकाला, किशी नावाचे स्थानक आहे. येथे तामा नावाच्या मांजरीला जानेवारी २००७ मध्ये स्टेशनमास्तर नेमले, डोक्यावर टोपी घातली. तिला पाहायला देशोदेशीचे लोक आले, आणि म्हणे मार्ग वाचला. जून २०१५ मध्ये ती गेली तेव्हा तिला देवता मानून फलाटावरच तिचे छोटे देऊळ बांधले गेले. ही आपल्या संग्रहातली दुसरी जपानी गोष्ट, आणि तीही तितकीच लाडकी.

क्रम मात्र उलटा आहे. नानकाई या कंपनीने वर्षाला सुमारे ५० कोटी येनांचा तोटा सोसवत नाही म्हणून हा मार्ग सोडण्याचा निर्णय २००४ मध्ये घेतला. तेव्हा रोज त्या गाडीने जाणाऱ्या-येणाऱ्या लोकांनी संघटना उभारली. तिचे सभासद सहा हजारांच्या घरात गेले. ते वर्गणी भरत होते, सभा घेत होते. विद्यापीठातले अभ्यासक त्यांच्या बाजूला बसले आणि मार्ग बंद झाल्यास गावाला किती खर्च सोसावा लागेल याचा हिशेब मांडला गेला : वाढलेली मोटारींची गर्दी, शाळकरी मुलांची ने-आण, म्हाताऱ्यांचे दवाखाने, सगळे त्यात धरून. तो हिशेब घेऊन लोक शासनाच्या दारी गेले. अखेर रुळांखालची जमीन स्थानिक नगरसंस्थांनी घेतली, तिचा पैसा प्रांताने दिला, आणि दहा वर्षांपर्यंतचा तोटा ८२ कोटी येनांच्या मर्यादेत भरून देण्याचे त्यांनी लेखी कबूल केले. या करारावर ओकायामाच्या एका ट्राम कंपनीने नवी कंपनी काढली, आणि १ एप्रिल २००६ पासून गाडी तिच्या हाती गेली. तामाची नेमणूक त्यानंतर नऊ महिन्यांनी झाली. मांजरीने गर्दी आणली, पैसाही आणला; कोणाला ते श्रेय नाकारायचे नाही. परंतु मांजर आली ती वाचलेल्या स्थानकावर. वाचवले ते वर्गणी भरणाऱ्या, सभांना जाणाऱ्या, आकडे मांडणाऱ्या माणसांनी. त्यांची गोष्ट कंटाळवाणी आहे, मी मान्य करतो. ती टोपी घालत नाही.

‘एका प्रवाशासाठी स्थानक चालवणे परवडते काय?’ असा व्यवहारी प्रश्न उरतोच. नाही परवडत, आणि क्यू-शिराताकी चालू ठेवायलाच हवे होते, असे मी म्हणत नाही. लाकडी फलाटावरचा बर्फ हिवाळाभर कोणीतरी उपसावा लागतो, आणि तो उपसण्याला पैसे पडतात. त्याच होक्काइदोत, तोयोउरा नगराच्या हद्दीत, कोबोरो नावाचे स्थानक आहे. दोन बोगद्यांच्या मधल्या घळीत ते आहे. भोवती घर नाही, मोटारीचा रस्ता नाही. कंपनीने तेही बंद करायला काढले होते. नगराने विचार केला, की या विक्षिप्त जागेच्या ओढीने लोक येतात. मग २०१६ पासून देखभालीचा खर्च स्वतःकडे घेऊन ते चालू ठेवले. माणूस राहत नाही तेथले स्थानक राहिले, माणूस राहतो तेथले गेले. हे बरोबर की चूक, यावर तोयोउरातल्या करदात्याने भांडावे. निदान तेथे निर्णय कोणी घेतला, पैसा कोणाचा, हे सर्वांना ठाऊक आहे. ही माहिती असणे म्हणजेच भांडण्याची सोय असणे. बोधकथेने क्यू-शिराताकीच्या बाबतीत हीच सोय नाहीशी केली.

आपल्यापुरते बोलायचे, तर ग्वाल्हेरहून श्योपूरला जाणारी शिंदे सरकारांच्या काळातली छोटी गाडी रुंद रुळांना जागा देण्यासाठी २०२० मध्ये थांबली, तेव्हा आमच्या परिचयाच्या मंडळींत आठवणींना पूर आला. टपावर बसलेली माणसे, डब्याच्या दारातला वारा, सगळे लिहून झाले. मधल्या गावांतल्या मुली त्यानंतर कॉलेजला कशा जात होत्या, यावर एक ओळ माझ्या वाचनात आलेली नाही. लेखणी हाती असलेल्यांनी हे ओझे थोडे तरी मनावर घ्यावे.

एंगारूचे स्थानक पाहणाऱ्याला एक गोष्ट चमत्कारिक वाटते. आसाहीकावाहून आलेली गाडी तेथे थांबते आणि पुन्हा उलट्या दिशेने निघते. जलद गाडीतले प्रवासी उठून आपापल्या बाका फिरवून घेतात. पूर्वी येथून नायोरोकडे दुसरा लोहमार्ग जात असे. १९८० च्या कायद्याने देशभरात ८३ मार्ग मोडीत काढायला निवडले गेले, त्यांत तो होता. १९८९ मध्ये तो उखडला गेला. रुळांची एक वाट नाहीशी झाली, पण वळण तसेच राहिले, म्हणून आजही रोज शेकडो माणसे उठून बाक फिरवतात. क्यू-शिराताकीच्या मुलीची सकाळची गाडी याच गावाकडे येत असे.

मार्च २०२१ मध्ये एकाच दिवशी होक्काइदोतली आणखी १८ स्थानके बंद झाली. त्यांत कोणी मुलगी नव्हती, किंवा असली तर तिची गोष्ट झाली नाही. पश्चिमेकडे आता कामीकावा सुटले की पुढचे स्थानक शिराताकी, मधे ३७.३ किलोमीटर, जपानच्या साध्या लोहमार्गांवर दोन शेजारी स्थानकांत याहून मोठे अंतर कोठे नाही. सेकीहोकु मार्ग चालवायचा तर खर्चाचा वाटा कोणी किती उचलायचा, यावर कंपनी, प्रांत आणि गावे यांची बोलणी २०१६ पासून चालत आली आहेत. दरम्यान ऑगस्टात कांद्याचा हंगाम सुरू झाला की कितामीहून कांदे भरलेली मालगाडी निघते, आणि पुढच्या एप्रिलपर्यंत याच रुळांवरून, एंगारूला तोंड फिरवून, जुन्या शिराताकीवरून न थांबता पश्चिमेकडे जाते. बोलणाऱ्यांच्या हिशेबात त्या कांद्यांचे वजन धरलेले आहे.